शाफ्ट कापला, आणि पुन्हा एकदा कापला

गिअरबॉक्स एका गाडीचा, मागचा अ‍ॅक्सल दुसरीचा. गिअरबॉक्सचं फिरणं मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेणारी नळी, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, ९० मिमी लांब निघणारच होता. माप मात्र गाडी जॅकवर असताना घेऊ नका. अ‍ॅक्सल लोंबकळतो आणि आकडा फसवा येतो. मी चाकं जमिनीवर टेकवून, सीटवर वाळूची पोती ठेवून मोजलं. पुढचा स्लायडिंग योक (गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणारं शाफ्टचं दुबेळकं टोक) पूर्ण आत ढकलून २५ मिमी बाहेर ओढला, म्हणजे सस्पेन्शन दबल्यावर शाफ्टला आत सरकायला जागा उरते.

ट्यूब कापली, वेल्डिंग केलं. पहिल्याच फेरीत ताशी ५० च्या पुढे फ्लोअर असा थरथरू लागला की आरशात मागचं काही दिसेना. दोन दिवस मी बॅलन्सिंगला, म्हणजे शाफ्टच्या वजनाच्या समतोलाला, दोष देत बसलो (आपली चूक शेवटी आठवते, हे नेहमीचंच).

शाफ्ट सपाट टेबलावर ठेवला तेव्हा उमगलं. एका टोकाचा योक आडवा धरला तर दुसरा चक्क तिरका! क्रॉस (दोन योक जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा) कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात पलीकडच्या बाजूचा वेग दोनदा कमी-जास्त होतो. शाफ्टचे दोन्ही योक एका रेषेत असले आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असले, तरच एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो.

जुना जोड लेथवर उतरवला. यावेळी आधी ट्यूबवर लांब सरळ रेघ कोरली, चार ठिकाणी वेल्डिंगचे छोटे टाके मारले, डायल गेज (डुगडुग मोजणारं काट्याचं यंत्र) लावून शाफ्ट फिरवला. ०.८ मिमी डुगडुगत होता. हलके ठोके देत ०.३ वर आणला, मग पूर्ण वेल्डिंग आणि शेवटी बॅलन्सिंग. आता आरसा स्थिर आहे. फक्त डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलमधला गिअरचा संच) गुणगुणतं, पण ते आधीपासूनच.