लेक्कीची नोकरी घेण्याआधी

नायजेरियातल्या लागोसची ऑफर आली तेव्हा आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहत होतो. पत्रात पगाराचा आकडा होता, वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट होतं आणि खाली एक ओळ होती, 'लेक्की भागात निवास'. त्या ओळीकडे मी नीट पाहिलंच नाही. आता नायजेरियाला यायचं का म्हणून कुणी फोन केला, की बोलणं पगारापासून सुरू होतं. मी आधी विचारते, ऑफिस कुठे आणि घर कुठे?

लेक्की हा लांबट, चिंचोळा द्वीपकल्प आहे. दक्षिणेला अटलांटिक, उत्तरेला लगून म्हणजे समुद्राला लागून असलेलं उथळ सरोवर, आणि मधून मुख्य रस्ता एकच, लेक्की-एपे एक्स्प्रेसवे, जवळपास 50 किलोमीटर. पश्चिमेकडे फेज वन, तिथून इकोयी या शहरातल्या भागात जायला 2013 मध्ये पूल झाला. पूर्वेकडे सरकत गेलं की जकांदे, अजा, सांगोतेदो, आणि शेवटी इबेजू-लेक्की, जिथे दिवसाला 6,50,000 बॅरल क्षमतेची डांगोटे रिफायनरी आणि 2023 मध्ये सुरू झालेलं बंदर आहे. रिफायनरीच्या बांधकामावर भारतीय इंजिनियर मोठ्या संख्येने आले. तिच्या ओढीने सगळा पट्टा वाढतोय. दलदलीत वाळूची भर टाकून एकामागून एक गेटबंद वसाहती उभ्या राहतायत. त्यांना इथे इस्टेट म्हणतात.

कागदावर ही दोन्ही टोकं 'लेक्की'च. माझं ऑफिस फेज वनला आणि कंपनीचं घर सांगोतेदोच्या पुढे. पहाटे साडेपाचला निघाले तर पाऊण तास, साडेसहाला निघाले तर दोन तास. गाड्या तुंबल्या की इथले लोक 'गो-स्लो' म्हणतात. घोडबंदरची सवय होती म्हणून मला वाटलं, त्यात काय एवढं! पण एकच रस्ता असला की पर्यायी वाट नसते. आठ महिन्यांनी मी कंपनीशी बोलून घर बदललं.

पगाराबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे. माझा पगार दोन भागांत होता. मोठा भाग डॉलरमध्ये भारतातल्या खात्यात, आणि घरखर्चासाठी नायरामध्ये, म्हणजे इथल्या चलनात, ठरावीक रक्कम. मी ऑगस्ट 2022 मध्ये आले तेव्हा ती रक्कम पुरून उरत होती. मे 2023 च्या अखेरीस पेट्रोलवरचं अनुदान गेलं आणि भाव दोन-तीन दिवसांत अडीच पटीच्या वर चढले. जूनमध्ये सरकारने नायराचा दर मोकळा सोडला. डॉलरला 470 च्या आसपास असलेला अधिकृत दर फेब्रुवारी 2024 मध्ये 1,500 च्या पुढे गेला. माझ्या हातात येणारा नायराचा आकडा मात्र तोच. मी स्वतः हिशेबातली माणूस, तरी घरखर्चाची रक्कम डॉलरला बांधून घ्यायचं मला सुचलं नव्हतं. तुम्ही ते सही करण्याआधी लिहून घ्या. नंतर मागायला लाज वाटते, आणि उशीरही झालेला असतो.

घर कंपनीचं नसेल, तर भाडं वर्षाचं आगाऊ लागतं. त्यावर एजंटचं कमिशन, कराराची फी, डिपॉझिट. इस्टेटचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि जनरेटरचं डिझेल त्यात येतं की नाही हे मुद्दाम विचारायचं. विजेचे 'बँड' असतात. बँड ए म्हणजे दिवसाला किमान वीस तास वीज, पण एप्रिल 2024 मध्ये त्याचा दर युनिटला 68 वरून 225 नायरांवर गेला. एकाच रस्त्यावरच्या दोन इस्टेटचे बँड वेगळे असू शकतात. पाणी बोअरचं, बऱ्याच ठिकाणी लोहाने तांबूस. नळाखाली पांढरी बादली धरून बघा. आणि जमलं तर घर जूनमध्ये बघा, डिसेंबरमध्ये नको. डिसेंबरात हर्मटानची, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या वाऱ्याची, कोरडी धूळ असते, सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. पावसात कुंपणाच्या भिंतीवर पाणी कुठवर चढतं ते शेजारची माणसं खरं सांगतात.

मुलं असतील तर पेच वेगळाच. सीबीएसईची इंडियन लँग्वेज स्कूल इलुपेजूला आहे, म्हणजे मेनलँडवर, लागोसच्या मुख्य भूभागावर, 11.8 किलोमीटरचा थर्ड मेनलँड ब्रिज ओलांडून. जुनी भारतीय वस्ती, मंदिर, वाणसामान सगळं त्याच बाजूला. लेक्कीत ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, फी भरपूर. आमचा मुलगा तेव्हा सातवीत होता. रोज एवढा प्रवास त्याला झेपणार नव्हता आणि दोन वर्षांनी परत बोर्ड बदलायचं नव्हतं. तो आणि त्याचे बाबा ठाण्यातच राहिले. हा निर्णय मी आजही बरोबर आहे असं म्हणत नाही, चूक असंही म्हणत नाही. साडेचार तासांचा फरक आहे. माझं ऑफिस सुटतं तेव्हा तिकडे त्याची झोपायची वेळ झालेली असते.

व्हिसाबाबत एक गोष्ट पक्की धरा. नोकरीसाठी एसटीआर ('सब्जेक्ट टू रेग्युलरायझेशन') व्हिसा आणि इथे आल्यावर निवासाचा परवाना. 'आधी बिझनेस व्हिसावर या, नंतर बदलू' असं कुणी म्हणालं तर थांबा. जोडीदार डिपेंडंट म्हणून आला, तर त्याला त्यावर नोकरी करता येत नाही. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड जपून ठेवा, भारतात परततानाही ते लागतं. नसेल तर विलगीकरणात सहा दिवस जाऊ शकतात. आणि सुट्टीत घरी आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी नायजेरियाहून आलेय' हेच सांगा. इथला मलेरिया अंगावर काढायचा नसतो.

माणसांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगते. पहिल्या आठवड्यात मी सकाळी थेट फायलीचं विचारायची. टीममधली मुलं गप्प व्हायची. माझ्या ड्रायव्हरने, तो वयाने मोठा, इथल्या योरुबा समाजातला गृहस्थ, एकदा हळूच सांगितलं, 'मॅडम, आधी ग्रीट करा.' मग मी 'ए कारो', म्हणजे योरुबातलं 'सुप्रभात', शिकले, घरच्यांची चौकशी करायला शिकले. काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना इथे 'वेल डन' म्हणतात. तुम्ही ठेचकाळलात तर लांबचा माणूसही 'सॉरी' म्हणतो, त्याची काही चूक नसताना. मला ते फार आवडतं.

माझा करार आता संपत आलाय. मुलगा दहावीत आहे, मार्चमध्ये परीक्षा. कंपनीने आणखी दोन वर्षांचं विचारलंय, आणि या वेळी मी घरखर्च डॉलरमध्ये लिहून मागितलाय.