पूर-इशाऱ्याच्या कामात नवे असाल तर आधी आकडा वाचायला शिका

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग या पट्ट्यात आपत्ती व्यवस्थापनाचं काम करायचं तर संगणकावरचं मॉडेल नंतर. आधी नदीची पातळी.

इथलं बहुतेक पाणी महाराष्ट्रातून येतं : कृष्णेला कोयना-वारणा-पंचगंगेचं, दूधगंगेला काळम्मावाडी धरणाचं, वेदगंगेला पाटगाव धरणाचं. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी फुटांत कळते (इशारा 40, धोका 45). केंद्रीय जल आयोग देतो ती समुद्रसपाटीपासूनची, मीटरमध्ये. नवखा माणूस 0.3048 ने गुणतो आणि फसतो. 40 फूट म्हणजे 12.19 मीटर खरे, पण मोजपट्टीच्या शून्यापासून. त्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवल्याशिवाय दोन आकडे शेजारी मांडताच येत नाहीत, आणि हा शून्य प्रत्येक पुलावर वेगळा. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. विसर्गाचं सोपं आहे : 1 क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) म्हणजे 35.31 क्युसेक (सेकंदाला एक घनफूट).

धरणांच्या विसर्गांची सरळ बेरीज करू नका. सगळं पाणी एकाच वेळी पोचत नाही. 2019 आणि 2021 च्या पुरांच्या तासावार नोंदी मिळवून वरच्या आणि खालच्या ठिकाणी पाणी कधी चढलं, त्यातला फरक काढा. शिवाय कृष्णा फुगली की कल्लोळजवळ, संगमापाशी, दूधगंगेचं पाणी तुंबतं. वर पाऊस उघडला तरी दूधगंगेकाठच्या सदलग्याकडे पातळी चढत राहू शकते, तेव्हा ऊन पडलं म्हणून इशारा मागे घेऊ नये. खानापूरची तऱ्हा वेगळी. मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते, वर मोठं धरण नाही. तिथं पर्जन्यमापकावरच भिस्त. त्यात पालापाचोळा अडकला की तो शून्य दाखवतो. शेजारचा 90 मिमी दाखवत असताना आलेला शून्य म्हणजे कोरडा दिवस नव्हे. ‘शून्य’ आणि ‘नोंद नाही’ यांचे रकाने वेगळे ठेवा.

आता खरं काम : निर्णयाची पातळी ठरवणं. समजा, गल्लीत पाणी शिरायला 4 फूट बाकी आहेत आणि नदी तासाला 3 इंच चढतेय. हातात 16 तास. माणसं, म्हशी, वैरण हलवायला ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या खेपा धरून 10 तास लागत असतील, तर 30 इंच, म्हणजे अडीच फूट बाकी असतानाच हलवायला सुरुवात झाली पाहिजे. ती वेळ मध्यरात्री येत असेल तर दुपारीच हुकूम काढा. अंधारात जनावर पाण्याच्या रस्त्यानं जात नाही. मुळात जनावरांची सोय नसलेल्या काळजी केंद्राकडे (पूरग्रस्तांच्या निवाऱ्याकडे) शेतकरी फिरकतच नाही, हे तहसीलदारांना आधीच सांगून ठेवा.

निरोप कन्नड आणि मराठी दोन्हींत द्या. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ यातून कुणाला काही कळत नाही. गल्लीचं नाव, निघायची वेळ, कोणता रस्ता आणि कोणता बंधारा पाण्याखाली, एवढं लिहा. वीज गेली की टॉवरही कधी बंद पडेल सांगता येत नाही, म्हणून देवळाचा भोंगा आणि त्याला चार्ज केलेली बॅटरी जूनपूर्वीच तपासून घ्या.