डाळिंबाचे बोन्साय : बी, छाट आणि गुटी

बोन्सायसाठी लोकप्रिय असलेल्या जपानी मेपल या झाडाला पानगळीनंतर दीर्घ थंडीची विश्रांती लागते आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्याची पाने कडांपासून करपतात. म्हणून नाशिकच्या गच्चीवर बोन्साय घडवायचे असल्यास, सटाणा, देवळा, मालेगाव या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले डाळिंब निवडावे, असे माझे ठाम मत आहे. त्याचे खोड वयाबरोबर पिळदार होते आणि पाने मुळातच लहान असतात.

बियांवरील गर चोळून धुवावा, त्या सावलीत सुकवाव्यात आणि उबदार हवेत पेराव्यात. साधारण दोन ते चार आठवड्यांत त्या उगवतात. रोप मूळ झाडाच्या गुणांचे निघेलच असे नाही. मात्र लहानपणीच सोटमूळ छाटले, तर बाजूची मुळे सर्व दिशांना पसरतात आणि बुंध्याला उत्तम पाया मिळतो. छाट कलमासाठी हिवाळी विश्रांतीच्या काळात, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांदीचे २० ते २५ सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत आणि त्यांचा दोनतृतीयांश भाग वाळूमिश्रित मातीत गाडावा.

तयार जाडीचे, सुरेख वळणाचे खोड लवकर हवे असेल, तर गुटी कलमाला, म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळे फुटवून ती वेगळी करण्याला, पर्याय नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला, हवेत ओलावा असताना, निरोगी फांदीवर डोळ्याच्या (जेथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) लगेच खाली धारदार चाकूने गोल काप घ्यावा आणि तेथून खाली अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल काढावी. उघड्या लाकडावरचा बुळबुळीत हिरवट थर पूर्ण खरवडावा, अन्यथा साल पुन्हा जुळते आणि मुळे फुटत नाहीत. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरताना वरच्या कापाशी अडते व मुळे त्याच कडेला येतात. त्यामुळे भावी झाडाचा बुंधा जेथे हवा, तेथेच हा काप असावा आणि मुळे फुटवणारी पावडरही त्याच कडेला लावावी. भिजवून घट्ट पिळलेले स्फॅग्नम मॉस (ओलावा धरणारे शेवाळ) भोवती गुंडाळावे, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक लावून दोन्ही टोके आवळून बांधावीत. दीड-दोन महिन्यांत मुळांचे जाळे दिसू लागते. पहिली पांढरी मुळे दिसताच फांदी तोडण्याची घाई करू नये, ती तपकिरी होऊन फाटे फुटू द्यावेत.

तेल्या रोग कलमांमधूनही पसरतो. म्हणून पानाफळांवर तेलकट डाग असलेल्या बागेतील फांदी फुकट मिळाली तरी घेऊ नये आणि प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करावी.

गुटी उतरवल्यावर मॉस ओढून काढू नये, कारण कोवळी मुळे तुटतात. आपली काळी माती उथळ कुंडीत चिकट होऊन पाणी धरते, म्हणून चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे कंपोस्ट वापरावे. नवी फूट जोमाने वाढेपर्यंत कुंडी अर्धसावलीत ठेवावी, नंतर भरपूर ऊन द्यावे. बुंध्यातून येणारे फुटवे वेळोवेळी काढावेत. जुने लाकूड चटकन मोडते, त्यामुळे तार फक्त कोवळ्या फांद्यांना लावावी आणि ती सालीत रुतण्यापूर्वी सोडवावी.