स्लोव्हेनियाला जाताय? शनिवारीच किराणा भरा

जुलै-ऑगस्टमध्ये स्लोव्हेनियाला जाणार असाल, तर दूध, ब्रेड, भाजी शनिवारीच आणून ठेवा. २०२० पासून तिथे रविवारी आणि सरकारी सुट्टीला सुपरमार्केट कायद्यानेच बंद असतात. पंधरा ऑगस्टही त्यांच्या सुट्टीचा दिवस, हे लक्षात असू द्या. अडलंनडलं तर पेट्रोलपंपावरचं दुकान असतं, पण शाकाहारी मंडळींना, त्यातही मुलं सोबत असतील तर, तेवढ्यावर भागवणं कठीण. म्हणून स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या.

मुक्काम ब्लेड या तळ्याकाठच्या गावापेक्षा बोहिन्य या दुसऱ्या तळ्याकाठी करा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. ब्लेडचं तळं देखणं आहेच, पण उन्हाळ्यात तिथे फार गर्दी होते. बोहिन्यचं तळं त्याहून मोठं, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात, डोंगरांच्या कुशीत, पोहायलाही मोकळं. जवळच्या बोहिन्स्का बिस्त्रित्साहून १९०६ साली सुरू झालेल्या रेल्वेने सहा किलोमीटरहून लांब बोगदा ओलांडून सोचा नदीच्या खोऱ्यात उतरता येतं. या मार्गावर प्रवाशांना मोटारीसकट नेणारी आगगाडीही आहे. घाटात मळमळणाऱ्यांनी पन्नास वळणांच्या व्र्शिच खिंडीऐवजी हीच घ्यावी.

व्हिसा शेंगेन, चलन युरो. नळाचं पाणी बिनधास्त प्या.