पायथन बदलला तरी काटा वाचत राहिला पाहिजे

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या गणपती पेठेत शिरलं. ओसरल्यावर ज्या दुकानांची शटरं आधी उघडली, त्यातल्या एका घाऊक दुकानातून मला फोन आला. दिवाणजी म्हणाले, "ताई, नवा कॉम्प्युटर आणलाय, सगळं घातलंय, पण काटा वाचत नाही."

वजनकाट्यावरचं वजन संगणकात आणणारं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा तुकडा, माझं. सी या भाषेत लिहिलेलं, पायथन या दुसऱ्या भाषेतून बोलावलं जाणारं. जुन्या मशीनवर पायथन ३.६ होता, ते मशीन पाण्यात गेलं. नव्यावर कुणीतरी ३.७ टाकला होता. स्क्रीनवर आलेल्या ओळीचा अर्थ एवढाच, की हे मॉड्यूल पायथन ३.६ ची लायब्ररी फाइल, पायथन३६.डीएलएल, मागतंय आणि तिचं या व्हर्जनशी जमत नाही. कोडात एका अक्षराचीही चूक नव्हती. विश्रामबागला घरी बसून मी ते पुन्हा कंपाइल केलं, म्हणजे ३.७ साठी मशीनच्या भाषेत बदलून घेतलं, आणि पेन ड्राइव्हवर घेऊन गेले. त्या आठवड्यात असे चार फोन आले. दुकानातला गाळ काढून माणसं आत्ता कुठे पहिलं पोतं काट्यावर ठेवत होती, आणि तिथे ती माझ्या मॉड्यूलसाठी थांबली होती. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही असं मी तेव्हाच ठरवलं. तेव्हापासून जे शिकले ते इथे लिहितेय. तुमचंही सीमधलं एखादं मॉड्यूल लोकांच्या मशीनवर चालत असेल तर उपयोगी पडेल.

आधी काय मोडतं ते नीट बघू. सीचं मॉड्यूल कंपाइल करताना पायथनच्या हेडर फाइलींमधली मापं त्यात कोरली जातात: अमुक स्ट्रक्चर एवढ्या बाइटचं, त्यातलं अमुक फील्ड तमुक ठिकाणी. पुढच्या व्हर्जनमध्ये आतली रचना हलली की कोरलेलं माप खोटं ठरतं. ३.१२ मध्ये पूर्णांकाच्या ऑब्जेक्टची आतली मांडणी बदलली. तोवर आकड्याचं चिन्ह (धन की ऋण) त्या ऑब्जेक्टच्या साइझच्या फील्डमधून परस्पर वाचणारे लोक होते, त्यांचा कोड तिथे अडला. पायलाँग_अॅजलाँग हे फंक्शन बोलावून आकडा मागणाऱ्यांना मात्र काहीच जाणवलं नाही. मापांवर विसंबायचं नाही, फंक्शनला विचारायचं. पुढच्या सगळ्या खटाटोपात मी हेच करतेय.

पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: सी खरंच लागतं का? माझ्या मूळ मॉड्यूलमध्ये काट्याकडून आलेल्या ओळी तोडणं, वजनातून बारदान वजा करणं, पावतीचा मजकूर जुळवणं असं सगळं सीमध्ये होतं. त्यातलं बहुतेक मी पायथनमध्ये नेलं. सीमध्ये उरलं फक्त काट्याच्या कंपनीच्या लायब्ररीशी बोलणं. एखादी डीएलएल बोलावण्यापुरतंच काम असेल तर पायथनमधल्याच सीटाइप्स या मॉड्यूलने भागतं, मग हा लेख वाचायचीही गरज नाही. जेवढं सी कमी, तेवढं पुढे सांभाळायचं ओझं कमी.

आता पाया. पायथनमध्ये ३.२ पासून, म्हणजे २०११ पासून, 'स्टेबल एबीआय' (एबीआय म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली एकमेकींशी जुळण्याची रीत) नावाचं वचन आहे, पेप ३८४ या प्रस्तावात मांडलेलं. काही ठरावीक फंक्शनं, तुम्ही एकदा कंपाइल केलेल्या बायनरीसाठी, पायथन ३ च्या पुढच्या व्हर्जनांमध्येही तशीच राहतील, असं ते वचन. त्या फंक्शनांपुरतं, म्हणजे 'मर्यादित एपीआय'पुरतं, राहायचं तर पायथन.एच ही हेडर फाइल घेण्याच्या आधी पाय_लिमिटेड_एपीआय हा मॅक्रो डिफाइन करायचा आणि त्याला तुमच्या सर्वांत जुन्या व्हर्जनची किंमत द्यायची. ३.८ साठी ती हेक्समध्ये ०३०८०००० अशी लिहितात. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. नंतर डिफाइन केलात तर तो न केल्यासारखाच.

सर्वांत जुनं व्हर्जन कोणतं धरायचं, हे गिऱ्हाइकांच्या मशीनकडे बघून ठरवा. माझं ३.८ ठरलं. मार्केट यार्डातल्या दोन अडत दुकानांत अजून विंडोज ७ आहे, आणि पायथन ३.९ पासून विंडोज ७ वर बसतच नाही. दुसरं कारण कोडातलं आहे, ते पुढे येतंय. ३.८ चा अधिकृत आधार २०२४ मध्ये संपला हे मला माहीत आहे. पण ती मशीनं इंटरनेटला जोडलेली नाहीत आणि रोजचं वजन त्यांच्यावरच होतं, म्हणून त्यांना सोडून द्यायला मी तयार नाही.

सेटअपटूल्स या मॉड्यूल बांधणाऱ्या साधनात ही गोष्ट तीन ठिकाणी सांगावी लागते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त लोक इथेच घसरतात. सी फाइलीत मॅक्रो. एक्स्टेन्शनच्या व्याख्येत पाय_लिमिटेड_एपीआय बरोबर ट्रू. बीडिस्ट_व्हीलच्या, म्हणजे इन्स्टॉल करायची तयार फाइल ('व्हील') बनवणाऱ्या कमांडच्या, सेटिंगमध्ये त्याच नावापुढे सीपी३८. यातलं दुसरं आणि तिसरं फक्त नाव बदलतं, फाइलीचं आणि व्हीलचं. मॅक्रो ते लावत नाही. म्हणजे मॅक्रो विसरलात तरी व्हील तयार होईल, त्याच्या नावात एबीआय३ ही स्टेबल एबीआयची खूण असेल, तुमच्या मशीनवर ते चालेलही, आणि आत मात्र जुनी कोरलेली मापंच असतील. नाव वाचून कधी समाधान मानू नका.

खात्री करायला विंडोजवर डंपबिन आहे, व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येतं. डिपेंडंट्सचा पर्याय देऊन मॉड्यूलची फाइल तपासा. यादीत पायथन३.डीएलएल दिसली पाहिजे. पायथन३८.डीएलएल दिसली तर कुठेतरी गळती आहे. यापुढची तपासणी एबीआय३ऑडिट हे साधन करतं: व्हील उघडून आतलं प्रत्येक चिन्ह (पायथनकडून मागितलेल्या फंक्शनाचं नाव) वचनात बसतं का आणि कोणत्या व्हर्जनपासून बसतं, हे ते सांगतं. माझ्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये शेवटची पायरी तीच आहे. तिथे लाल आलं तर व्हील बाहेर जात नाही.

मॅक्रो लावून पहिल्यांदा कंपाइल कराल तेव्हा चुकांची रांग लागेल. घाबरू नका. ती रांग म्हणजे कामाची यादी आहे. सोपं आधी उरकून टाका. पायलिस्ट_गेट_आयटमसारखे कॅपिटल अक्षरांतले झटपट मॅक्रो जातात, त्यांच्या जागी पायलिस्ट_गेटआयटम हे साधं फंक्शन येतं. ते चूक झाली तर नल, म्हणजे रिकामा पत्ता, परत देतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी नल तपासा. स्ट्रिंगमधून यूटीएफ-८ काढायचं पाययुनिकोड_अॅजयूटीएफ८अँडसाइझ ३.१० पासूनच मर्यादित यादीत आलं. ३.८ पर्यंत खाली जायचं तर पाययुनिकोड_अॅजयूटीएफ८स्ट्रिंग वापरा आणि मिळालेला बाइट्स ऑब्जेक्ट काम झाल्यावर सोडा. बफर प्रोटोकॉल (दुसऱ्या ऑब्जेक्टची मेमरी थेट वाचायची सोय) ३.११ पासून यादीत आहे. तो लागतच असेल तर तुमची खालची पायरी ३.११, दुसरा मार्ग नाही. वेग थोडा कमी होतो हे खरं. पण काटा सेकंदाला काही वेळाच वजन पाठवतो, मला फरक मोजताही आला नाही. मोठ्या अॅरेवर लूप चालवणाऱ्यांनी मात्र मोजूनच ठरवावं.

खरं काम टाइपमध्ये आहे. आधी 'काटा' हा माझा टाइप (ऑब्जेक्टचा साचा) स्टॅटिक स्ट्रक्चर म्हणून लिहिला होता. मर्यादित एपीआयमध्ये त्या स्ट्रक्चरच्या आत बघताच येत नाही, म्हणून पायटाइप_स्पेक भरून पायटाइप_फ्रॉमस्पेकने टाइप बनवावा लागतो. स्लॉटची यादी शून्याने संपवायची. ते शून्य विसरलं की बहुधा इम्पोर्ट होतानाच कोसळतं, निदान लगेच कळतं तरी. याशिवाय तीन गोष्टी अशा आहेत की त्या लगेच कळत नाहीत.

पहिली: असा टाइप हीपवर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना घेतलेल्या मेमरीत, राहतो, आणि ३.८ पासून त्याची प्रत्येक वस्तू (ऑब्जेक्ट) आपल्या टाइपचा एक संदर्भ धरून ठेवते. वस्तू मोडताना डीअॅलॉकमध्ये तो संदर्भ सोडणं तुमचं काम. क्रम असा: आधी टाइप हातात घ्या, मग वस्तू मोकळी करा, मग टाइपचा संदर्भ एकने कमी करा. ३.७ पर्यंत हा नियम वेगळा होता. दोन्हीकडे पाय ठेवायचा म्हणजे एकीकडे गळती आणि दुसरीकडे टाइपच उडून जाण्याची भीती. ३.८ धरण्याचं दुसरं कारण हेच. तपासायचं असेल तर लाखभर वस्तू बनवा, मोडा, आणि आधी-नंतर सिस.गेटरेफकाउंटने टाइपचा आकडा बघा. माझा आकडा पहिल्यांदा लाखाने वाढलेला निघाला. दुकानात काहीच बिघडलं नसतं, पण सकाळी आठपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती गळती मला नको होती.

दुसरी: तुमचा टाइप गार्बेज कलेक्टरमध्ये (न लागणाऱ्या वस्तू साफ करणाऱ्या यंत्रणेत) भाग घेत असेल, तर ३.९ पासून ट्रॅव्हर्स फंक्शनमध्ये वस्तूच्या टाइपलाही भेट द्यावी लागते.

तिसरी मला सर्वांत महाग पडली. स्टॅटिक टाइपला 'न्यू', म्हणजे वस्तू बनवणारं फंक्शन, दिलं नाही तर पायथनमधून थेट वस्तू बनत नाही. हीपवरचा टाइप ते मूळ ऑब्जेक्टकडून वारशाने घेतो. म्हणजे पोर्ट न उघडताच कुणीही 'काटा' बनवू शकतं, आणि वजन मागितलं की रिकाम्या हँडलवर (उघडलेल्या पोर्टच्या खुणेवर) सगळं कोसळतं. हे रोखणारा फ्लॅग ३.१० मध्ये आला, माझ्या पायरीच्या वर. म्हणून प्रत्येक मेथडच्या पहिल्या ओळीत मी हँडल नल आहे का बघते आणि असेल तर नीट एक्सेप्शन देते.

विंडोजवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. ३.८ पासून एक्स्टेन्शन ज्या डीएलएलवर अवलंबून असतं, ती पाथमध्ये, म्हणजे विंडोजच्या ठरलेल्या फोल्डरांच्या यादीत, शोधली जात नाही. काट्याच्या कंपनीची डीएलएल वर्षानुवर्षं पाथमध्ये पडलेली होती आणि ३.८ वर अचानक 'सापडत नाही' झाली. ती मॉड्यूलच्या शेजारी ठेवा, किंवा ओएस.अॅड_डीएलएल_डिरेक्टरीने फोल्डर सांगा. आणि एबीआय३ व्हील व्हर्जन ओलांडतं, मशीन ओलांडत नाही: ३२ बिट आणि ६४ बिट विंडोजची व्हीलं वेगळीच लागतात. मी दोन बनवते.

बिल्ड सर्वांत जुन्या व्हर्जनवर करा. नव्या हेडरवरही मॅक्रो जुन्या फंक्शनांपुरतं थांबवतो, पण फंक्शनला दिलेली किंमत जुन्या व्हर्जनला चालते का, हे तो बघत नाही. नव्यात जिथे नल चालतो तिथे जुना कोसळू शकतो. म्हणून बिल्ड ३.८ वर, आणि चाचणी ३.८ पासून ३.१४ पर्यंत प्रत्येकावर. सात व्हर्चुअल एन्व्हायर्नमेंट, एकच फाइल.

इथवर पायथनने आपल्याला दिलेल्या वचनाबद्दल लिहिलं. आता आपण दिलेलं वचन. माझं 'वजन' फंक्शन दोन किमतींचा टपल (क्रमाने बांधलेला संच) द्यायचं: ग्रॅम आणि काटा स्थिर आहे का. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या मुलाने त्यावर स्वतःची स्क्रिप्ट लिहिली होती, दोन नावांत दोन किमती घेणारी. मी तिसरी किंमत जोडली, वेळ, आणि ऐन सौद्याच्या दिवशी त्याची स्क्रिप्ट बंद पडली. चूक माझी होती. तेव्हापासून मी स्ट्रक्ट सीक्वेन्स वापरते, पायस्ट्रक्टसीक्वेन्स_न्यूटाइपने बनवलेला. त्याच्या वर्णनात 'एन_इन_सीक्वेन्स' असतं: टपल म्हणून दिसणाऱ्या किमती किती, ते. ते मी दोनवर ठेवलं. वेळ आणि पुढचं सगळं फक्त नावाने मिळतं. पायथनचा स्वतःचा ओएस.स्टॅट हेच करतो: टपल म्हणून दहा किमती, बाकीच्या नावाने. जुनी स्क्रिप्ट दोनच बघते, नवीला हवं ते सापडतं.

मर्यादित एपीआयमध्ये काम बसतच नसेल, तर पायथनसीएपीआय-कंपॅट ही हेडर फाइल सोबत ठेवा. नव्या फंक्शनांची जुन्या व्हर्जनसाठीची रूपं ती देते. बायनरी एक राहणार नाही, पण सोर्स एक राहील. पर्लवाल्यांना पीपीपोर्ट.एच माहीत असेल, तसंच हे. आणि फ्री-थ्रेडेड पायथन (अनेक थ्रेड खरोखर एकाच वेळी चालू देणारा), ३.१३ मध्ये प्रायोगिक म्हणून आलेला, वेगळ्या एबीआयचा आहे. ३.१३ आणि ३.१४ च्या त्या बिल्डवर एबीआय३ मॉड्यूल लोड होत नाही. दुकानांत तो कुणी टाकू नये म्हणून मी इन्स्टॉलेशनच्या कागदावर साध्या बिल्डचं नाव ठळक छापलंय.

नवा पायथन ३.९ पासून दरवर्षी ऑक्टोबरात येतो, आणि त्याचा पहिला रिलीज कँडिडेट (जवळजवळ अंतिम रूप) जुलै-ऑगस्टात. त्या वेळी यार्डात गर्दी कमी असते, हळदीचा हंगाम फेब्रुवारीकडे सुरू होतो. म्हणून श्रावणातला एक रविवार मी यासाठी ठेवते. घरी एक जुना इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्याला केबल लावते, जुनंच व्हील नव्या कँडिडेटवर इन्स्टॉल करते, इशाऱ्यांचा पर्याय चालू ठेवून पूर्ण चाचणी चालवते, कारण पेप ३८७ प्रमाणे काढून टाकायच्या गोष्टीचा इशारा निदान दोन व्हर्जन आधी मिळायला हवा. मग काट्यावर पाच किलोचं लोखंडी माप ठेवते आणि स्क्रीनवर पाच हजार ग्रॅम येईपर्यंत उठत नाही.