मोत्याची खाज आणि ओल्या टिपकागदावरचे लाल डाग

आमच्या मोत्याला दर पावसाळ्यात शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांवर लाल पुरळ यायचं. रात्रभर खाजवायचा, चावून चावून केस उपटायचा. तीन वर्षं मी खोबरेल तेल लावत राहिले. ते तो चाटून टाकायचा आणि खाज तशीच.

मग डॉक्टरांनी फणीत आलेली काळी कणी ओल्या टिपकागदावर ठेवायला सांगितली. तांबूस डाग पसरला! म्हणजे ती पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असली की थोडे चावेही पुरतात. मला पिसू एकही दिसली नव्हती, कारण बहुतेक पिलावळ अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात गोधडीत आणि फटींत असते.

त्यामुळे पिसवांचं औषध डॉक्टरांकडूनच घेतलं, ते टाळू नका. घरगुती भाग त्याच्या जोडीला: गोधडी दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक वाळवायची, फरशीच्या कडा रोज झाडायच्या. बारीक दळलेले साधे ओट्स कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं अंगावर ठेवायचे, मग नीट धुवायचे. याने खाज खरंच शमते. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या करा, ओल राहिली की बुरशी.

माणसांचा साबण बंद केला. टी ट्री तेल तर कुत्र्यांना विषारी असतं, कुणी कितीही सुचवलं तरी लावू नका.

दोन महिन्यांत केस परत आले. या श्रावणात मोत्या शांत झोपतोय.