काटा कुठे कोसळतो ते बघा

किंगडा का नावाची अमेरिकेतली रोलर कोस्टर राइड साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटरचा वेग घेते, हे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला वाचलं आणि डोक्यात एकच प्रश्न घुसला: एवढा मोठा पंप आणला कुठून? तोवर मी चोपड्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सुट्टीत गाठी दाबायच्या प्रेसवर जायचो. तिथला पंप १७० किलोची रुईची गाठ दाबून द्यायचा, पण दमादमानं.

उत्तर पंपात नव्हतंच, ते आमच्या केळीच्या मळ्यात होतं. रात्री लाईट आली की मोटर तासन्‌तास हौद भरते, आणि सकाळी व्हॉल्व्ह उघडला की तेच पाणी धो धो निघतं. लाँचचं, म्हणजे ट्रेनला सुरुवातीला एकदम वेग देण्याचं, तसंच आहे. पंप ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या बाटलीत, तेल भरत राहतात. पिस्टनच्या पलीकडे नायट्रोजन असतो. तेल जवळपास दबत नाही, वायू दबतो, म्हणून सगळा जोर वायूत साठतो. व्हॉल्व्ह उघडले की तेल एकदम हायड्रॉलिक मोटरींवर येतं. त्या सगळ्या मिळून विंचचा एकच ड्रम फिरवतात, वायररोप गुंडाळला जातो आणि रुळांमधल्या खाचेतली कॅच कार ट्रेनला ओढत नेते. ट्रेन सुटून पुढे जाते, कॅच कार थांबते, मागे येते. पुढची ट्रेन लागेपर्यंत पंपांनी हौद पुन्हा भरायचा.

नायट्रोजनच का, हे इंटरव्ह्यूला हमखास विचारतात. हवेतला ऑक्सिजन, तेल आणि दाब एकत्र आले की डिझेल इंजिनासारखा भडका उडू शकतो, म्हणून.

मी आता मुंबईकडच्या एका पार्कमध्ये राइड मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे एवढं मोठं लाँच नाही, पण ॲक्युम्युलेटरचा धडा सगळीकडे सारखाच, आणि तो मला जळगाव एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मिस्तरींनी दिला. पंप बंद करून त्यांनी ड्रेनचा व्हॉल्व्ह किंचित उघडला. "काटा दख रे भो," एवढंच म्हणाले. गेजचा काटा हळूहळू उतरत होता, आणि एका आकड्यावरून धाडकन शून्यावर आला. तो आकडा म्हणजे बाटलीतला नायट्रोजनचा मूळ दाब. तेल संपलं की वायूला ढकलायला काही उरत नाही, म्हणून काटा कोसळतो. दर वेळी तो आकडा लिहून ठेवा. महिन्यागणिक खाली येत असेल तर वायू गळतोय.

आणि हे त्याहून महत्त्वाचं. पंप बंद म्हणजे सिस्टिम बंद असं धरू नका. तेलाचा दाब शून्यावर आल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. गळती हाताने तर कधीच चाचपू नका. माझ्या जिनिंगमधल्या सोबत्याने प्रेसच्या होजवरून, म्हणजे तेलाच्या नळीवरून, बोट फिरवलं. सुई टोचल्यासारखं वाटलं, रक्तही नाही. संध्याकाळी हात कोपरापर्यंत सुजला आणि ऑपरेशन करावं लागलं, कारण तेल कातडीखाली शिरलं होतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा आणि आत हायड्रॉलिक तेल गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठा लांबून फिरवावा, डोळ्याला सेफ्टीचा चष्मा लावून. माझ्या टूलबॉक्समध्ये केळीच्या खोक्याचा एक तुकडा कायम असतो.

गणितही सोडू नका. ताशी २०६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ५७ मीटर. घर्षण नसतं तर एवढ्या वेगात गाडी १६५ मीटरच्या वर चढली असती. किंगडा काची उंची १३९ मीटर होती. मधला फरक हवा आणि चाकं खातात, आणि माथा ओलांडायला थोडा वेग शिल्लक लागतो. समोरून वारा असला की तो कमी पडतो आणि ट्रेन मागे येते. त्यासाठी ट्रेन निघून गेल्यावर लाँच ट्रॅकवर चुंबकी ब्रेकच्या पट्ट्या वर उठतात. ते ब्रेक लागायला वीज लागत नाही, हे मला आजही फार आवडतं.

नुसतं हायड्रॉलिक शिकून मात्र थांबू नका. किंगडा का २०२४मध्ये बंद झाली. तशाच दुसऱ्या राइडचं, टॉप थ्रिल ड्रॅगस्टरचं, हायड्रॉलिक लाँच काढून तिथे लिनियर मोटर, म्हणजे ट्रेनला सरळ रेषेत ढकलणारी विजेची मोटर, बसवली. तेव्हा सर्किटची चिन्हं वाचता येऊ लागली की लगेच पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा कंट्रोलर) आणि सेन्सरकडे वळा. आयटीआयचा फिटर असाल तर इलेक्ट्रिशियन मित्राच्या शेजारी बसून शिका. मी धुळ्याच्या खोलीवर रूममेटकडून तसंच शिकलो, त्याच्या बदल्यात त्याला होज क्रिंप करायला, म्हणजे टोकाला फिटिंग दाबून बसवायला, शिकवलं.